माशाचा मेंदू : परिस्थिति व शिक्षण यांचा त्यावर होणारा परिणाम

मत्स्यपालन हा शेतीचा एक जोडधंदा म्हणून आपल्या प्रांतांत आतां चांगलाच रुजूं लागला आहे. ज्या गांवीं पूर्वीं विहिरीवांचून दुसरें पाणी नव्हतें, तेथेंही आज शेततळीं झालीं आहेत. आणि त्यांत रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस इत्यादि माशांचें बीज सोडून चार पैसे पदरीं पाडावे, असें पुष्कळ बागायतदारांस वाटूं लागलें आहे. तथापि ज्या प्राण्याचें आपण पालन करितों, त्याच्या स्वभावाविषयींचें आपलें ज्ञान अगदींच तोकडें असतें. बैलाची खोड, गाईचा लळा, घोड्याची समज यांविषयीं शेतकरी तासन् तास बोलूं शकेल; परंतु माशासही समज असते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. माशाची आठवण तीन क्षणांपलीकडे टिकत नाहीं, असें पुष्कळ लोक थट्टेनें म्हणतात व कित्येक तें खरेंही मानतात.

वास्तविक स्थिति याच्या उलट आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनीं जे प्रयोग केले, त्यांवरून दोन गोष्टी निश्चित झाल्या आहेत. पहिली ही कीं, मासा शिकतो आणि शिकलेलें कित्येक महिने विसरत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक विस्मयकारक आहे. ती ही कीं, माशाचा मेंदू वयांत आल्यावरही पुरा होऊन थांबत नाहीं. तो जन्मभर वाढतो, आणि मासा ज्या पाण्यांत, ज्या संगतींत व ज्या अडचणींत राहतो, त्यांप्रमाणें त्या मेंदूची घडण बदलत जाते. या दुसऱ्या गोष्टीचा मत्स्यबीज विकत घेणाऱ्या व तें सोडणाऱ्या प्रत्येकाच्या पैशाशीं संबंध पोहोंचतो, म्हणून तिचें विवेचन या लेखांत करावयाचें योजिलें आहे.

मेंदूची रचना

माशाचा मेंदू आकारानें फार लहान असतो, व त्याचे भाग एकामागें एक अशा ओळीनें लागलेले असतात. सर्वांत पुढें वासाचें काम करणारे दोन घ्राणपिंड असतात. त्यांच्या मागें अग्रमस्तिष्क असतें. ओळख, स्मृति, भीति व वाटांचें ज्ञान यांचें तें मुख्य ठिकाण होय. त्यामागें डोळ्यांनीं पाहिलेलें जेथें उतरतें ते दृष्टिपिंड. त्यामागें शरीराचा तोल व हालचालींचा मेळ राखणारा लहान मेंदू. आणि शेवटीं श्वासोच्छ्वास, रुचि वगैरेंचीं केंद्रें असलेला भाग, जो पुढें पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूस मिळतो. मेंदूच्या खालच्या अंगास पीयूषिका नांवाची बारीकशी ग्रंथि लोंबत असते. तिच्यांतील रसांवर माशाची वाढ व प्रजोत्पत्ति अवलंबून असते.

प्रत्येक जातीच्या आहारविहाराप्रमाणें या भागांचें प्रमाण निरनिराळें असतें. तळाच्या चिखलाचा घांस घेऊन त्यांतून खाद्य तेवढें तोंडांतल्या तोंडांत निवडणाऱ्या सायप्रिनसाच्या मेंदूंत रुचीचे पिंड फुगीर असतात. नजरेनें शिकार करणाऱ्या जातींत दृष्टिपिंड मोठे असतात. परंतु हा भेद पिढ्यान् पिढ्या होत आलेला व जातीगणिक ठरलेला आहे. आपणांस पाहावयाचा आहे तो एकाच माशाच्या एकाच आयुष्यांत होणारा फरक.

मेंदू वाढतच राहतो

मनुष्य व चतुष्पाद प्राणी यांच्या मेंदूंत जन्मानंतर नव्या मज्जापेशी उत्पन्न होत नाहींत, असें शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत असत. इ. स. १९६० नंतर अमेरिकेंत जोसेफ आल्टमन यानें प्रौढ उंदरांच्या मेंदूंत नव्या पेशी जन्मतात असें दाखविलें, तेव्हां प्रथम त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाहीं. पुढें तें सिद्ध झालें. पण उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांत ही क्रिया मुख्यत्वें दोनच ठिकाणीं चालते, आणि मनुष्यांत प्रौढपणीं ती कितपत चालते याविषयीं अद्यापि वाद आहे.

माशांची गोष्ट निराळी आहे. मासा जन्मभर अंगानें वाढतो व त्याबरोबर त्याचा मेंदूही वाढतो. गुंथर झुपांक या जर्मन शास्त्रज्ञानें दक्षिण अमेरिकेंतील एका विद्युत्-माशाच्या मेंदूचें मोजमाप करून १९९५ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, प्रौढ माशाच्या मेंदूंत कोणत्याही दोन तासांच्या अवधींत सुमारें १ लक्ष पेशी नव्या पेशी निर्माण करण्याच्या तयारींत असतात. हें प्रमाण मेंदूंतील एकंदर पेशींच्या शेंकडा ०.२ इतकें पडतें. आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील पट्टेदार झेब्रा मासा, ज्याचें वर्णन हॅमिल्टन साहेबानें १८२२ सालीं आपल्या गंगेच्या माशांवरील ग्रंथांत प्रथम केलें, तो आज जगांतील शेंकडों प्रयोगशाळांत पाळला जातो. त्याच्या मेंदूंत अशीं पेशी जन्मण्याचीं ठिकाणें सुमारें १६ आढळलीं आहेत. त्याच्या अग्रमस्तिष्कास सुईनें इजा केली, तर कांहीं आठवड्यांत तेथें नव्या पेशी येऊन जखम भरून निघते व व्रणाचा डागही राहत नाहीं. आपल्या मेंदूस अशी इजा झाली, तर ती जागा जन्माची अधू होते.

जमिनीच्या दप्तराशीं प्रत्येक खातेदाराचा संबंध येतो, म्हणून त्यांतील एक उपमा देतों. माशाचा मेंदू ताम्रपटासारखा नाहीं, कीं एकदां कोरला व संपलें. तो हक्काच्या नोंदवहीसारखा आहे. मूळ नोंद वाडवडिलांपासून आलेली असते खरी. पण वारस, खरेदी, वांटणी याप्रमाणें त्यांत फेरफार पडत जातात, जुनी नोंद कंस करून नवी लिहिली जाते, आणि कोणत्याही वर्षीं उतारा काढावा तर तो त्या वर्षाच्या वस्तुस्थितीचा असतो. माशाच्या मेंदूंत हे फेरफार कोण घालतें, तें आतां पाहूं.

भोंवतालच्या वस्तूंचा परिणाम

थंड प्रदेशांतील सामन व ट्राउट हे मासे अमेरिकेंत व युरोपांत बीजकेंद्रांत वाढवून नद्यांत सोडण्याची चाल फार जुनी आहे. लक्षावधि पिलें सोडावीं, आणि त्यांतील फारच थोडीं जगून परत यावीं, असा तेथील अनुभव होता. पिलें अंगानें धष्टपुष्ट असत. मग तीं मरतात कां? कॅलिफोर्नियांत गॅब्रिएल नेव्हिट या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं याचा शोध मेंदूंत घेतला. बीजकेंद्रांतील ट्राउट आणि नदींतील ट्राउट यांचे मेंदू मोजून पाहतां, बीजकेंद्रांतील माशांचें अग्रमस्तिष्क व दृष्टिपिंड लहान भरले. हा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला.

यावर अशी शंका निघण्यासारखी होती कीं, दोन्ही माशांचें बीजच कदाचित् निराळें असेल. म्हणून पुढें एकाच वाणाचीं पिलें घेऊन त्यांतील कांहीं नेहमींच्या उघड्याबोडक्या टाकींत व कांहीं तळाशीं दगडगोटे घातलेल्या टाकींत ठेविलीं. दगडगोट्यांत वाढलेल्या पिलांचा लहान मेंदू मोठा निघाला. हें १९०० सालच्या शतकांतील जुनें मत नव्हे. तें २००६ सालीं प्रसिद्ध झालेलें मोजमाप आहे. पाणी तेंच, बीज तेंच. फरक काय तो दगडांचा.

नॉर्वे देशांत ॲन सल्वानेस, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आदि संशोधकांनीं सामनाच्या पिलांवर याच्यापुढील प्रयोग केला. एका गटाच्या टाकींत दगड व कृत्रिम वनस्पति ठेवून त्यांच्या जागा वरचेवर बदलीत. दुसऱ्या गटाची टाकी रिकामी. नंतर दोन्ही गटांतील माशांस वाटा फुटलेल्या एका चक्रव्यूहांत सोडिलें व बाहेर पडण्याची वाट कोण लवकर शिकतो तें पाहिलें. भरल्या टाकींतील मासे कमी चुका करून लवकर बाहेर पडले. त्यांच्या अग्रमस्तिष्कांत नव्या मज्जापेशी घडविण्याशीं ज्या आनुवंशिक घटकाचा संबंध आहे, तोही अधिक जोमानें काम करीत असल्याचें आढळलें. हा प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मेंदूंतील फरक व वागण्यांतील फरक असे दोन्ही एकाच ठिकाणीं दिसले, हें त्याचें महत्त्व.

ही गोष्ट पिलांची झाली. पण प्रौढ झेब्रा माशांसही रिकाम्या टाकींतून वनस्पति व खडी असलेल्या टाकींत नेऊन ठेविलें, तेव्हां त्यांच्या अग्रमस्तिष्कांत नव्या पेशींची निपज वाढल्याचें २०१० सालीं दिसून आलें. म्हणजे परिस्थितीचा प्रभाव बाळपणापुरताच नव्हे. येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. सर्व जातींत व सर्व प्रयोगांत फळ सारखेंच आलें असें नाहीं. कोठें एक भाग वाढला, कोठें दुसरा, कोठें कांहींच नाहीं. शिवाय मेंदूचा आकार म्हणजेच बुद्धि, असें समजणेंही चुकीचें होय. परंतु एकंदर कल कोणत्या बाजूस आहे याविषयीं मात्र संशय उरलेला नाहीं.

संगत व दर्जा

दगडधोंड्यांइतकाच, किंबहुना अधिक, परिणाम संगतीचा होतो. वर सांगितलेला विद्युत्-मासा एकटा ठेविला आणि त्याच जातीच्या दुसऱ्या माशासोबत ठेविला, तर सोबत मिळालेल्या माशाच्या मेंदूच्या एका भागांत नव्या पेशींची भर अधिक पडते.

याहून ठळक उदाहरण आफ्रिकेंतील टांगानिका सरोवराच्या भागांतील एका माशाचें आहे. आपल्या धरणांत सर्वत्र पसरलेला तिलापिया ज्या कुळांतला, त्याच कुळांतला हा मासा आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत रसेल फर्नाल्ड यानें याचा अनेक वर्षें अभ्यास केला. या माशाच्या नरांत दोन दर्जे असतात. थोडे नर तळाची जागा बळकावून बसतात. ते भडक रंगाचे, भांडखोर व प्रजोत्पत्ति करणारे असतात. बाकीचे नर फिकट, दबलेले व वंध्यासारखे राहतात. बळकट नरांच्या मेंदूंत, पीयूषिका ग्रंथीस चालना देणाऱ्या कांहीं विशिष्ट पेशी असतात, त्या दबलेल्या नरांच्या पेशींपेक्षां कितीतरी मोठ्या असतात. आतां दबलेल्या नरास जागा मोकळी करून दिली, तर तो कांहीं मिनिटांतच रंग धरतो व सुमारें आठवड्याभरांत त्याच्या मेंदूंतील त्या पेशीही फुगतात. उलट, मुजोर नरास त्याच्याहून थोर नरांत नेऊन टाकिलें, तर त्याचा रंग उतरतो व पुढील कांहीं आठवड्यांत त्या पेशी पुन्हां आकसतात. वय तेंच, शरीर तेंच. दर्जा बदलला कीं मेंदू बदलला.

दडपणाचा परिणाम याच्याशीं संलग्न आहे. ट्राउट माशांच्या जोडींत जो दुसऱ्याच्या धाकांत राहतो, त्याच्या अग्रमस्तिष्कांत नव्या पेशींची निपज कमी होते, असें नॉर्वेंतील संशोधकांनीं दाखविलें आहे. फार दाटी, वारंवार जाळें फिरविणें, प्राणवायूची तूट यांनीं मासा कायमचा धास्तावलेला राहतो व त्याच्या रक्तांत धास्तीचे रस वाढलेले राहतात. त्याचें खाणें कमी होतें, वाढ खुंटते, रोग लवकर जडतो, हें आपण तळ्यावर पाहतोंच.

शिक्षण व स्मृति

आतां शिकण्याची गोष्ट. ऑस्ट्रेलियांत कलम ब्राउन यानें तांबूस ठिपक्यांच्या इंद्रधनुषी नांवाच्या माशांस, पुढें येणाऱ्या जाळ्यांतील एका भोंकांतून निसटण्याचें शिक्षण दिलें. पांच खेपांत मासे तें शिकले; आणि ११ महिने मध्यें जाळ्याचें दर्शनही न होतां, पुन्हां जाळें लावतांच त्यांनीं तें भोंक बिनचूक गांठलें. हॉलंडांत १९७० सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, एकदां गळास लागून सुटलेला कार्प जातीचा मासा पुढें सुमारें वर्षभर गळास चुकवितो. आपला सायप्रिनस तो हाच.

समुद्रकांठच्या खडकांत भरतीचें पाणी सांचून डबकीं होतात. ओहोटीच्या वेळीं अशा डबक्यांत अडकलेला एक लहानसा खाजणी मासा शत्रु दिसतांच उडी मारून नेमका शेजारच्या डबक्यांत पडतो. कोरड्या खडकावर पडत नाहीं. शेजारचें डबकें तर त्यास दिसत नसतें. अमेरिकेंतील लेस्टर ॲरन्सन यानें १९५१ सालीं याचा उलगडा केला तो असा : भरतीच्या वेळीं मासा त्या खडकांवरून पोहून खळग्यांचा नकाशा मनांत धरून ठेवितो, व ओहोटीस त्या नकाशाच्या आधारें उडी मारितो. पुढें असेंही दिसून आलें कीं, ४० दिवस त्या जागेपासून दूर ठेविला तरी तो हा नकाशा विसरत नाहीं.

हें ज्ञान मेंदूंत कोठें व कसें सांठतें? स्पेनमधील सेव्हिल येथील संशोधकांनीं सोनेरी माशाच्या अग्रमस्तिष्काचा बाहेरचा भाग काढला, तेव्हां मासा शिकलेल्या वाटा विसरला. आंतला भाग काढला, तेव्हां धोका टाळण्याचें शिक्षण विसरला. म्हणजे वाटांची स्मृति व भयाची स्मृति यांचीं खातीं निरनिराळीं आहेत. त्यापूर्वीं १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत बर्नार्ड ॲग्रॅनॉफ यानें सोनेरी माशांस शिकवून लागलीच त्यांच्या डोक्यांत, शरीरांतील प्रथिनांची घडण थांबविणारें औषध घातलें. मासे त्या वेळीं नीट वागले, पण कांहीं दिवसांनीं सर्व विसरले. तेंच औषध शिकविल्यानंतर तासाभरानें घातलें, तर स्मृति शाबूत राहिली. यावरून टिकाऊ स्मृति ही हवेंतली वस्तु नसून तिच्यासाठीं मेंदूस प्रत्यक्ष नवें बांधकाम करावें लागतें, व तें शिकल्यापासून पहिल्या तासाभरांत होतें, असें सिद्ध झालें. २०२२ सालीं झेब्रा माशाच्या जिवंत पिलांच्या पारदर्शक डोक्यांत सूक्ष्मदर्शकानें पाहून असें आढळलें कीं, भयाचें शिक्षण मिळतांच मेंदूच्या एका भागांत पेशींचे नवे सांधे जुळतात व दुसऱ्या भागांतील जुने सांधे नाहींसे होतात. वरील फेरफाराची उपमा येथें अक्षरशः लागू पडते.

आपल्याकडेही उदाहरणें आहेत. रायगड जिल्ह्यांत महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडांत महाशीर जातीचे मासे देवीचे म्हणून राखलेले आहेत. तेथें त्यांस कोणी धरीत नाहीं, आणि भाविकांनीं खाद्य टाकतांच ते थव्यानें वर येतात. तोच जातीचा मासा जेथें गळ व जाळें चालतें तेथें मनुष्याची सांवली पडतांच खोल जातो. हा शिक्षणाचा फरक होय.

पाऊस, मेंदू व मत्स्यबीज

परिस्थिति मेंदूमार्फत शरीरावर कशी चालते, याचें सर्वांत फलदायी उदाहरण आपल्या देशांतलेंच आहे. रोहू, कटला व मृगळ हे मासे पावसाळ्यांत नदीस पूर आला म्हणजे अंडीं घालतात. सांचलेल्या तळ्यांत त्यांची अंडीं पोटांत तयार होतात, पण बाहेर पडत नाहींत, व शेवटीं पोटांतच जिरून जातात. याचें कारण, पुराचें वाहतें गढूळ पाणी, पावसाचा गारवा वगैरे ज्या खुणा मेंदूस मिळाव्या, त्या तळ्यांत मिळत नाहींत. आणि मेंदूचा हुकूम सुटल्याशिवाय पीयूषिका ग्रंथि आपला रस सोडीत नाहीं. बंगाल्यांत पावसाचें पाणी बांधांत अडवून मोठ्या ओघानें सोडीत व माशांस नदीचा भास करवून बीज मिळवीत. पुढें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांत अंगुल येथें १० जुलै १९५७ रोजीं दुसऱ्या माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून या माशांकडून अंडीं घालविलीं, म्हणजे मेंदूच्या हुकुमाची वाट न पाहतां पुढचें काम करून घेतलें. आज आपण जें बीज पिशव्यांतून आणतों, तें या शोधाचें फळ आहे. आणि १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून देशांत पाळला जातो.

मेंदूचा खर्च

मेंदू मोठा होणें हें नेहमीं हिताचेंच, असें मात्र समजूं नये. मेंदू हा शरीरांतील फार खर्चिक अवयव आहे. स्वीडनमध्यें अलेक्झांडर कोत्रशाल व त्यांचे सहकारी यांनीं गप्पी माशांत मोठ्या मेंदूचे व लहान मेंदूचे असे दोन वाण निवडीनें तयार केले. २०१३ सालच्या त्यांच्या लेखाप्रमाणें मोठ्या मेंदूच्या माद्या संख्यांतील भेद ओळखण्यांत सरस ठरल्या. परंतु त्या वाणांत आंतडीं लहान निघालीं व पिलांची संख्याही घटली. ज्या माशास आयतें खाद्य मिळतें, ज्यास शत्रु नाहीं, वाट शोधावयाची नाहीं, त्याच्या शरीरानें मेंदूवर खर्च कां करावा? बीजकेंद्रांतील माशाचा मेंदू लहान राहतो तो या हिशेबानें योग्यच होय. अडचण उत्पन्न होते ती त्यास एकाएकीं मोठ्या पाण्यांत सोडिलें म्हणजे.

आपण काय करावें

यावरून आपल्या उपयोगाच्या गोष्टी कोणत्या, त्या आतां सांगतों. प्रथम हें लक्षांत ठेवावें कीं, शेततळ्यांत वाढवून वर्षाच्या आंत विकावयाचा मासा हुशार असण्याची गरज नाहीं. तो वजनदार व निरोगी असला म्हणजे झालें. तलाव अथवा धरण ठेक्यानें घेऊन त्यांत दरसाल बीज सोडणाऱ्या सोसायटीची गोष्ट निराळी आहे. तिचा पैसा पिलांच्या जगण्यावाचण्यावर अवलंबून असतो. या दोन्ही धंद्यांचा विचार निरनिराळा केला पाहिजे.

शेततळेंवाल्यांनीं खाद्य रोज ठराविक वेळीं व ठराविक जागीं द्यावें. भोंकें पाडलेल्या पिशव्या किंवा तबकें दोरीनें टांगून त्यांत खाद्य ठेवणें उत्तम. मासे थोड्याच दिवसांत वेळ व जागा शिकतात, खाद्य तळाशीं कुजत नाहीं, आणि मासे जमले नाहींत तर पाणी बिघडलें किंवा रोग आला हें त्याच दिवशीं समजतें. वाढ पाहण्यासाठीं जाळें लावावें, पण वरचेवर लावूं नये. जाळ्यास सरावलेला मासा काढणीच्या दिवशीं हातीं लागण्यास कठीण जातो, व धास्तीनें खाणें सोडितो तें निराळेंच.

संगोपनाच्या तळ्यांत, जेथें बारीक बीज वाढवून बोटुकली करितात, तेथें कांहीं भागांत बांबूचे तुकडे अथवा झाडाच्या फांद्या बुडवून ठेवाव्या. यांत आडोसा मिळतो, आणि बांबूवर जें शेवाळ व जीवजंतूंचा थर चढतो तो रोहूस खाद्यही होतो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांत मात्र खुंट रोवूं नयेत, कागद फाटेल. तेथें फांद्या दोरीनें वरून टांगाव्या. जाळें लावावयाचा भाग मोकळा ठेवावा.

धरणांत व तलावांत सोडावयाचें बीज बारीक असूं नये. निदान १०० मिलिमीटर लांबीचीं बोटुकलीच सोडावीं. स्वस्त म्हणून बारीक बीज घेणें म्हणजे मरळ वगैरे शिकारी माशांस मेजवानी देणें होय. शक्य तर सोडण्यापूर्वीं कांहीं आठवडे हीं बोटुकलीं धरणाच्याच पाण्यांत, आडोसा केलेल्या कुंपणांत ठेवावीं व पिठाच्या खाद्याबरोबर नैसर्गिक जिवंत खाद्यही त्यांस मिळूं द्यावें. सामनाच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांत, आडोसा व जिवंत खाद्य दोन्ही मिळालेलीं पिलें पूर्वीं न पाहिलेलें भक्ष्यही चटकन् ओळखून खाऊं लागलीं, असें २००३ सालीं दिसून आलें आहे. लोणावळ्यास टाटा वीज कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत महाशीर पैदा करून जलाशयांत सोडण्याचें काम आरंभिलें. अशा कामांत केवळ किती लक्ष पिलें सोडलीं याचा आंकडा न देतां, सोडलेल्या पिलांस मोठ्या पाण्याची कितपत तयारी दिली होती, हेंही पाहिलें पाहिजे. सोसायट्यांनीं बीज घेतांना बीजकेंद्राकडे हाच प्रश्न विचारावा.

शेवटची सूचना दप्तराची आहे. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग थंड मुलखांतील माशांवरचे आहेत. रोहू-कटल्यास ते कितपत लागू पडतात, हें आपल्याच तळ्यांवर ठरलें पाहिजे, आणि त्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. ज्या सभासदांकडे जवळजवळ सारखीं दोन संगोपन-तळीं असतील, त्यांनीं दोहोंत एकाच दिवशीं, एकाच पिशवींतील बीज मोजून सारखें सोडावें. खाद्य सारखें द्यावें. एकांत फांद्या घालाव्या, दुसरें रिकामें ठेवावें. वहींत तारीख, बीजाची संख्या, खाद्याचें वजन, मेलेले मासे, व शेवटीं निघालेलीं बोटुकलीं व त्यांचें वजन, एवढे रकाने पुरेत. दोन हंगाम अशी वही प्रामाणिकपणें ठेविली व ती या मासिकाकडे पाठविली, तर पुढील वर्षीं बीज घेणाऱ्या प्रत्येक सभासदास तिचा उपयोग होईल. आंकडे अनुकूल येवोत वा प्रतिकूल, ते जसेच्या तसे लिहावे. कारण खोट्या नोंदीवर केलेला फेरफार कधींही टिकत नाहीं.